एमएस्सी मॅथ्स की स्टॅट, आणि अर्ज नक्की कुठे कुठे करायचे?

दशांशचिन्ह

नमस्कार सगळ्यांना. मी टीवायबीएस्सीला आहे, मॅथ्स मेजर आणि सोबत स्टॅट, कॉलेज माटुंग्याला, घर डोंबिवलीला. ऑगस्ट संपत आला, सप्टेंबरात जॅमचे, म्हणजे आयआयटीतल्या एमएस्सीच्या प्रवेशपरीक्षेचे, फॉर्म सुटतील, म्हणजे आता ठरवायलाच हवंय, पण माझ्या वहीत सध्या १४ नावं आहेत आणि एकही खोडवत नाहीये. आयआयटी बॉम्बे मॅथ्स, आयआयटी बॉम्बे स्टॅट, कानपूर, कलिना (मुंबई विद्यापीठ), पुणे विद्यापीठ, आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट), सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट), टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) इंटिग्रेटेड पीएचडी, आणि मैत्रिणीने अमेरिकेतली तीन सांगितली तीही लिहून ठेवलीयेत. जो भेटतो तो वेगळं सांगतो. एक सर म्हणतात स्टॅट घे, नोकरी पक्की. मॅडम म्हणतात तुझं अ‍ॅनालिसिस चांगलं आहे, ते सोडू नकोस.

घरचं सांगते, कारण त्याशिवाय सल्ला देणं कठीण आहे. बाबा पुढच्या वर्षी रिटायर होतायत, भाऊ अकरावीत आहे. लोन काढून बाहेर पाठवायला बाबा नाही म्हणालेले नाहीत, पण मला ते मागायचं नाहीये. हॉस्टेलला राहायला आईची हरकत नाही, फक्त फी झेपली पाहिजे.

आणि मला काय आवडतं ते एका गोष्टीवरून सांगते. गेल्या सेमला सॅम्पल व्हेरियन्स, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते, काढताना एनने न भागता एन वजा एकने का भागायचं ते शिकवलं. एक्स्पेक्टेशन काढून दाखवलं, अनबायस्ड, म्हणजे सरासरीने अचूक, आलं, पुढचा टॉपिक. मला ते पटलं पण कळलं नाही. दोन दिवस जाता-येता तेच डोक्यात, आणि दिव्याला गाडी सिग्नलला अडकली होती तेव्हा एकदम दिसलं, की प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा केली की जे उरतं त्याची बेरीज कायम शून्य, म्हणजे तो उरलेला व्हेक्टर सगळे एक-एक असलेल्या व्हेक्टरला लंबच असणार, म्हणजे तो एन मितींमध्ये मोकळा फिरूच शकत नाही, एक मिती सरासरीने आधीच घेतलीय. घरी आल्यावर आई पोळ्या करत होती, तिला पोळपाटावर लाटणं उभं धरून दाखवलं. लाटणं म्हणजे एक-एकवाला व्हेक्टर, आणि उरलेलं जे काही आहे ते सगळं पोळपाटावरच. तीन आकडे घेतले तर हलायला मोकळ्या दिशा दोनच. आई म्हणाली कळलं, आणि मला वाटतं तिला खरंच कळलं.

तर हे मॅथ्स झालं की स्टॅट? माझी यादी इथेच अडलीये.

---

जुनी_कलिनाकर

पोळपाट-लाटणं मी उद्या माझ्या एसवायच्या वर्गात नेणार आहे, तुझी परवानगी धरून चालते. मी स्टॅट शिकवते, १२ वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत ही गोष्ट आपली आपण सापडलेली मुलं मी एका हाताच्या बोटांवर मोजीन.

तू जे बघितलंस ना, ते लिनियर मॉडेल्स या पेपरचा पाया आहे. डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणजे मितीच. रिग्रेशनमध्ये काय करतो, डेटाचा व्हेक्टर घेऊन एका सबस्पेसवर लंब सोडतो, लंबाचा पाय जिथे पडतो ते फिटेड व्हॅल्यूज, आणि तो लंब म्हणजे रेसिड्युअल. अनोव्हाच्या, म्हणजे गटागटांतला फरक तपासायच्या, टेबलात बेरजा जुळतात त्या पायथागोरसमुळे. हे सगळं तुला एमएस्सीच्या पहिल्या वर्षी भेटेल आणि तू तिथे रमशील. संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी आधी आंध्र विद्यापीठात गणितात मास्टर्स केलं आणि मग कलकत्त्याला स्टॅट केलं, आणि १९४५ च्या ज्या पेपरमध्ये क्रामर-राव बाउंड (अंदाज जास्तीत जास्त किती अचूक होऊ शकतो त्याची मर्यादा) आहे त्याच पेपरमध्ये त्यांनी डिस्ट्रिब्यूशन्सच्या जागेवर अंतर मोजायची भूमिती मांडली. त्यामुळे मॅथ्स की स्टॅट या प्रश्नावर तू अडू नकोस गं.

तू प्रश्न असा विचार, की कुठल्या एमएस्सीत स्टॅट गणितासारखं शिकवतात आणि कुठल्या एमएस्सीत सॉफ्टवेअरमध्ये काय दाबायचं एवढंच शिकवतात. हे नावावरून अजिबात कळत नाही, सिलॅबसच्या पीडीएफवरून बरंचसं कळतं. मेझर थिअरीवर (लांबी-क्षेत्रफळ मोजण्याच्या काटेकोर गणितावर) उभी केलेली प्रोबॅबिलिटी कंपल्सरी आहे का, लिनियर मॉडेल्सला अख्खा पेपर आहे का की रिग्रेशनच्या एका युनिटमध्ये कोंबलंय, इन्फरन्सचे, म्हणजे डेटावरून निष्कर्ष काढायचे, पेपर किती, आणि दुसऱ्या वर्षी प्रोजेक्ट कोणाच्या हाताखाली करायचा. पहिलं वर्ष सगळीकडे थोडंफार सारखंच असतं, निवड करायची ती दुसरं वर्ष बघून.

इथे माझी चूक सांगते. मी आधी एका ठिकाणी अ‍ॅडमिशन घेतली होती, नाव सांगत नाही. माहितीपत्रकात इलेक्टिव्ह आठ होते, आणि मला त्यातला सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस करायचा होता. दुसऱ्या वर्षी कळलं की आठपैकी दोनच चालतात, शिकवायला माणूसच नाही. जुलैतल्या पावसात नोटीस बोर्डासमोर उभी राहून ते दोन पेपर वाचले आणि रडू आलं मला. ते वर्ष सोडून मी कलिनाला पहिल्यापासून सुरुवात केली. म्हणून सांगते, यादीतल्या प्रत्येक जागेचा एक सेकंड इयरचा विद्यार्थी शोध, कॉलेजच्या सीनियरच्या सीनियरमार्फत मिळतोच, आणि त्याला एकच प्रश्न विचार, की यंदा कुठले इलेक्टिव्ह खरोखर चालू आहेत.

पुणे खोडू नकोस. तिथला स्टॅट विभाग १९५३ मध्ये संख्याशास्त्रज्ञ व्ही. एस. हुजूरबाजारांनी उभा केला, आणि थिअरीची ती शिस्त अजून टिकून आहे असं मला तिथून आलेल्या सहकाऱ्यांकडे बघून वाटतं. कलिना तर ठेवच. डोंबिवलीहून कुर्ला आणि पुढे बस, फी परवडणारी, आणि घरचं जेवण.

---

पवई_ते_बीकेसी

ताईंनी विषयाचं सांगितलंय, मी परीक्षांचं सांगतो कारण आपल्याकडे शेवटी यादी परीक्षेवरूनच बनते.

जॅम फेब्रुवारीत असते. १०० मार्क, ६० प्रश्न, ३ तास, कॉम्प्युटरवर. निगेटिव्ह फक्त पहिल्या एमसीक्यूच्या भागात, एकापेक्षा जास्त उत्तरं बरोबर असणाऱ्या भागात आणि आकडा टाइप करायच्या भागात निगेटिव्ह नाही, म्हणून तिथे कोरं सोडायचं नाही. आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, की एका वर्षात दोन पेपर देता येतात. गेली काही वर्षं मॅथेमॅटिक्स सकाळच्या सत्रात आणि मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स दुपारच्या सत्रात असतो, त्यामुळे तू दोन्ही भर. म्हणजे निदान फेब्रुवारीपर्यंत मॅथ्स की स्टॅट हे ठरवायची गरजच नाही. फक्त त्या दिवशी सेंटरच्या जवळ कुठेतरी दुपारी नीट जेवायची सोय बघून ठेव, मी भेळ खाऊन दुसरा पेपर दिला होता आणि शेवटचा एक तास डोकं चालत नव्हतं.

आयएसआय वेगळं प्रकरण आहे. फॉर्म साधारण मार्चमध्ये, परीक्षा मे महिन्यात, एम.स्टॅटला, म्हणजे तिथल्या स्टॅटच्या मास्टर्सला, दोन पेपर, सकाळी पीएसए म्हणजे ऑब्जेक्टिव्ह आणि दुपारी पीएसबी, ज्यात पूर्ण सोडवून लिहायचं. जॅमची तयारी केलेली मुलं पीएसएमध्ये बरी जातात आणि पीएसबीत गळपटतात, कारण उत्तर येणं आणि उत्तर का येतं हे चार ओळींत बिनचूक लिहिता येणं या दोन निराळ्या सवयी आहेत. मी पहिल्या वेळी असाच गळपटलो. सीएमआयचंही तसंच, परीक्षा मे महिन्यातच, आणि तिथेही प्रूफ लिहायला लागतात.

तर एक कर. जॅम आणि आयएसआय, दोघांचेही जुने पेपर त्यांच्याच साइटवर फुकट आहेत. एका रविवारी जॅम एमएसचा (मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा) एक पेपर घड्याळ लावून सोडव, पुढच्या रविवारी पीएसबी घे. मार्क किती पडले ते लिहूच नको. वेळ संपल्यावर कुठला पेपर तुला सोडावासा वाटत नव्हता तेवढं लिही. जी मुलं पुढे दोन वर्षं टिकतात आणि ज्यांना ओझं होतं, त्यांच्यातला फरक मला तरी तिथेच दिसला.

आता "स्टॅट म्हणजे नोकरी पक्की" याबद्दल. मी बीकेसीत एका बँकेच्या रिस्क टीममध्ये आहे. कर्ज मागायला आलेला माणूस फेडेल की नाही याचं स्कोअरकार्ड बनवायचं, आणि त्याच्या मुळाशी आजही बहुतेक वेळा लॉजिस्टिक रिग्रेशनच (हो की नाही याची शक्यता काढायचं मॉडेल) असतं, कारण अर्ज का नाकारला हे समजावून सांगता यावं लागतं. माझ्या टीममध्ये एमएस्सी स्टॅट आहेत, इंजिनीअर आहेत, आणि मी स्वतः एमएस्सी मॅथ्स. स्टॅटवाल्यांना पहिली नोकरी लवकर लागते हे खरं आहे, ते लपवून उपयोग नाही. मला आठ महिने लागले, त्यातले चार महिने मी एसक्यूएल आणि पायथन शिकण्यात घालवले जे एमएस्सी चालू असतानाच करायला हवं होतं. पण तीन वर्षांनी पगाराच्या स्लिपवर कोणाचा विषय कुठला ते दिसत नाही. नोकरीच्या भीतीने विषय निवडू नकोस एवढंच म्हणणं आहे माझं, विशेषतः तुझ्या बाबतीत, कारण तुला जे आवडतं त्याला नोकरी आहेच.

---

लंबवर्तुळ

मी अमेरिकेत स्टॅटमध्ये पीएचडी करतोय, चौथं वर्ष, मूळचा विलेपार्ल्याचा. तुझी ती तीन नावं यंदासाठी खोड असं माझं स्पष्ट मत आहे, कायमची नाही, फक्त यंदासाठी.

कारण असं की तिथे मास्टर्सला बहुतेक ठिकाणी स्वतःचे पैसे घालावे लागतात आणि पीएचडीला तेच लोक तुला पैसे देतात, टीचिंग असिस्टंटशिप असते, ट्यूशन माफ. म्हणजे घरच्या पैशाचा विचार असेल तर जायचं ते पीएचडीलाच. पण ३ वर्षांच्या बीएस्सीवर थेट पीएचडीला घ्यायला बरीच विद्यापीठं तयार नसतात, काहींना ४ वर्षांची डिग्री लागते, काही जण घेतात. आता एनईपीमुळे, म्हणजे नव्या शिक्षण धोरणामुळे, चौथ्या वर्षाचा पर्याय आलाय तो यासाठी कामाचा ठरू शकतो, पण तुझ्या जागी मी असतो तर ते वर्ष इथल्या चांगल्या एमएस्सीत घातलं असतं.

अर्जात सगळ्यात जड काय असेल तर तीन शिफारसपत्रं. आणि "ही मुलगी माझ्या वर्गात पहिली आली" असं पत्र तिथे कोणी वाचत नाही. "हिने एन वजा एक का हे भूमितीने शोधून काढलं आणि मला येऊन सांगितलं" हे पत्र वाचतात. तू हे तुझ्या मॅडमना सांगितलंयस का? सांगितलं नसशील तर उद्या सांग. आणि उन्हाळ्यात एमटीटीएसला (गणिताच्या उन्हाळी प्रशिक्षणाला) अर्ज कर, कुमरेसन सरांनी १९९३ मध्ये सुरू केलेला प्रोग्रॅम आहे, तेव्हा ते मुंबई विद्यापीठातच होते. तिथे फळ्यापाशी उभं करून विचारतात, असं का, तसं का नाही, उदाहरण दे. माझं बीएस्सीचं सगळं गणित त्या चार आठवड्यांत उलटंपालटं होऊन नीट बसलं. आणि तिथे तुला ओळखणारे शिक्षक भेटतात, जे १२० जणांच्या वर्गात होत नाही.

दोन वर्षांनी अर्ज करशील तेव्हा लक्षात ठेव, डेडलाइन डिसेंबर-जानेवारीत असतात, एकेका अर्जाची फी १०० डॉलरच्या आसपास, त्यामुळे १५ ठिकाणी अर्ज ही चैन नाही परवडत. जीआरई या अमेरिकी प्रवेशपरीक्षेचा मॅथ्स सब्जेक्ट पेपर, ६६ प्रश्न आणि २ तास ५० मिनिटं, प्युअर मॅथ्सवाले अजून मागतात, बरेच स्टॅट विभाग मागत नाहीत. विद्यापीठ निवडताना रँकिंगची यादी बंद करून त्या विभागातल्या लोकांचे गेल्या ३-४ वर्षांतले शोधनिबंध आर्काइव्ह (arXiv) या साइटवर बघायचे, निदान पहिलं पान तरी वाचायचं. ज्या विभागात तीन माणसं अशी आहेत की ज्यांच्या पेपरचं पहिलं पान वाचून दुसरं वाचावंसं वाटतं, तो यादीत. एकच माणूस असेल तर तो धोका आहे, तो दुसरीकडे गेला की तू अडकलीस.

जर्मनीचंही विचारतील लोक म्हणून लिहितो. सरकारी विद्यापीठात बहुतेक राज्यांत ट्यूशन नाही हे खरं, पण व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावा लागतो, सप्टेंबर २०२४ मध्ये तो ११,९०४ युरो झाला. बिनफीचं म्हणजे बिनखर्चाचं नव्हे.

---

शून्यशेष

टीआयएफआरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. परीक्षा डिसेंबरमध्ये असते, म्हणजे या सगळ्यांच्या आधी, आणि बीएस्सीनंतर इंटिग्रेटेड पीएचडीला बसता येतं, फेलोशिप मिळते. पण कुलाब्याचं स्कूल ऑफ मॅथेमॅटिक्स म्हणजे मुख्यतः शुद्ध गणित. अल्जिब्रेइक जॉमेट्री, नंबर थिअरी, टोपोलॉजी अशा गोष्टींसाठी सहा-सात वर्षं द्यायची मनाची तयारी असेल तरच. तुझ्या पोस्टमध्ये मला ती भूक दिसली नाही, दुसरी दिसली, आणि तीही तितकीच चांगली आहे. तरी परीक्षा देऊन बघ, त्या अभ्यासाने पीएसबीची तयारी आपोआप होते. आणि एनबीएचएमची (राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची) एमएस्सीसाठी स्कॉलरशिप असते, मॅथ्सला गेलीस तर तो फॉर्म चुकवू नकोस.

---

हार्बरलाइन

माझं एक नाव यादीत घाल, गोवंडी स्टेशनवरून चालत जाता येतं. देवनारची आयआयपीएस, म्हणजे लोकसंख्याशास्त्राची संस्था, १९५६ पासूनची संस्था. तिथे बायोस्टॅटिस्टिक्स आणि डेमोग्राफीचं एमएस्सी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, एनएफएचएस म्हणतात ते, १९९२-९३ च्या पहिल्या फेरीपासून त्याचं काम याच संस्थेकडे आहे. म्हणजे देशातल्या मुलांचं वजन-उंची किती, कुठल्या जिल्ह्यात बाळंतपण दवाखान्यात होतं आणि कुठे घरी, हा डेटा जिथे तयार होतो तिथेच तुम्ही शिकता.

मी क्लिनिकल ट्रायलमध्ये काम करते. जुनी कलिनाकर ताईंना जो सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस शिकायला मिळाला नाही तोच माझा रोजचा भाकरतुकडा. पेशंट पाच वर्षं बघायचे, पण काही गाव सोडून जातात, काही फोन उचलत नाहीत, त्यांचं पुढे काय झालं कळत नाही. म्हणून त्यांना डेटातून काढून टाकलं तर उत्तर चुकतं, आणि ते बरे झाले असं धरलं तरी चुकतं. त्यांच्याबद्दल जेवढं माहीत आहे तेवढंच नेमकं वापरायचं, पहिल्यांदा शिकले तेव्हा हे मला इतकं प्रामाणिक वाटलं की मी याच कामात राहिले. तुला लंब आवडला तसा मला हा अर्धवट डेटा आवडला. तुझ्यासाठी हे पहिलं नाव असेल असं मी म्हणत नाही, थिअरी तिथे आयएसआयइतकी नाही, पण स्टॅट म्हटलं की फक्त बँक आणि डेटा सायन्स एवढंच डोळ्यासमोर येतं त्यात हेही असू दे.

---

दशांशचिन्ह

सगळ्यांचे खूप आभार, मी प्रत्येक उत्तर दोनदा वाचलं आणि आईलाही वाचून दाखवलं.

दोन्ही रविवार झाले. जॅम एमएस ३ तासांत संपवला, ठीक गेला, संपल्यावर वही मिटली आणि जेवायला बसले. पीएसबीचे २ तास संपले तेव्हा माझे अडीच प्रश्न झाले होते फक्त. त्यातल्या एका प्रश्नात मॅट्रिक्सचा रँक काढायचा होता, मी आधी रो रिडक्शन करत बसले आणि मग लक्षात आलं की ते प्रोजेक्शन आहे, म्हणजे लंब सोडणंच, ट्रेस (कर्णावरच्या आकड्यांची बेरीज) घेतला की झालं. वेळ संपली तरी मी उठले नाही. भाऊ तीनदा हाक मारून गेला. राहिलेल्यातला एक रात्री ११ ला सुटला आणि एक अजून सुटलेला नाही, तो रोज ट्रेनमध्ये बरोबर असतो.

मॅडमना पोळपाट सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या शनिवारी ये, लिनियर मॉडेल्स आपण दोघी मिळून सुरू करू.

वहीतली यादी आता अशी आहे. आयएसआय एम.स्टॅट पहिलं. जॅमचे दोन्ही पेपर, त्यातून आयआयटी बॉम्बे स्टॅट आणि कानपूर स्टॅट, मॅथ्समध्ये फक्त बॉम्बे. कलिना आणि पुणे, दोन्ही स्टॅट. सीएमआय अजून खोडलेलं नाही, सेकंड इयरच्या एका मुलाशी या आठवड्यात बोलणार आहे. देवनारचं सिलॅबस वाचायला काढलंय. टीआयएफआरची परीक्षा देईन. अमेरिका खोडली, तारीख लिहून.

एक शंका राहिली. स्टॅट माझं मेजर नाही, तर एम.स्टॅटला चालतं का? आणि मी ओबीसी आहे, सर्टिफिकेट आहे माझ्याकडे, अजून काही लागतं का?

---

जुनी_कलिनाकर

रँक म्हणजे ट्रेस! वाचून फार बरं वाटलं गं.

पहिल्याचं उत्तर असं, की प्रत्येक ठिकाणच्या माहितीपत्रकातली पात्रतेची अट शब्दन्‌शब्द वाच आणि तुझ्या मार्कशीटवर स्टॅटचे किती पेपर, किती क्रेडिट आहेत ते मोजून कागदावर लिही. आयआयटीमध्येसुद्धा एकाच जॅमच्या रँकवर वेगवेगळ्या कोर्सच्या अटी वेगळ्या असतात. शंका असेल तर अ‍ॅडमिशन ऑफिसला ईमेल टाक आणि उत्तर जपून ठेव, फोनवर मिळालेलं उत्तर धरू नकोस.

दुसरं जास्त महत्त्वाचं आहे आणि दर वर्षी माझ्या दोन-तीन मुलांचा इथे घोळ होतो. तुझ्याकडे आहे ते राज्याच्या नमुन्यातलं असणार, कॉलेज अ‍ॅडमिशनला ते चालतं. आयआयटी आणि आयएसआय केंद्राच्या आहेत, त्यांना ओबीसी नॉन-क्रिमीलेयर केंद्र सरकारच्या नमुन्यात लागतं, आणि तुझी जात केंद्राच्या यादीतही असावी लागते. शिवाय सर्टिफिकेट कुठल्या तारखेनंतरचं हवं ते फॉर्मवर दिलेलं असतं, जुनं चालत नाही. सेतूत गेलीस की आधीच स्पष्ट सांग, सेंट्रलचा फॉर्मॅट हवाय, नाहीतर ते सवयीने राज्याचाच देतात. बाबांचे उत्पन्नाचे तीन वर्षांचे कागद बरोबर ने.

---

दशांशचिन्ह

हे कोणीच सांगितलं नव्हतं ताई, माझ्याकडे राज्याचंच आहे, आत्ता कपाटातून काढून बघितलं. बाबांनी उद्या अर्धा दिवस सुट्टी टाकलीये, सकाळी कल्याणला तहसील ऑफिसला जातोय दोघं. रांगेत वेळ जाईल म्हणून तो न सुटलेला प्रश्न घेऊन जाते.